न पिळणारी होडी: कार्बनच्या ए-क्लास कॅटमरानची एका मोसमानंतरची पारख

नवी होडी ताब्यात आली त्या दिवशी वारा चांगला होता, तरीही मी ती पाण्यात उतरवली नाही. तिचे तीन कोपरे मऊ टेकूंवर ठेवले, डाव्या हलची (होडीच्या दोन जुळ्या धडांपैकी डाव्याची) नाळ, म्हणजे पुढचे टोक, अधांतरी सोडली, तिच्या तिरकस समोरचा कोपरा उचलला जाऊ नये म्हणून तो पट्ट्याने जमिनीशी बांधला, आणि मग त्या मोकळ्या नाळेला २० किलोचे वजन टांगून ती किती खाली येते हे मोजले. माझी आधीची होडी, जिचे बीम (दोन हल जोडणाऱ्या आडव्या नळ्या) ॲल्युमिनियमचे आणि बोल्टांनी जोडलेले होते, याच कसोटीत जेवढी झुकत असे, त्याच्या एक तृतीयांशही ही झुकली नाही. पहिल्या मोजणीवर विश्वास बसेना म्हणून वजन काढून पुन्हा दोनदा टांगले. उत्तर तेच आले. या होडीबद्दल मला जे सांगायचे आहे त्यातले बरेचसे या एका आकड्यात आहे, आणि तिच्यातला जो दोष मला पुढे दोन महिने छळत राहिला तो या आकड्यात अजिबात दिसत नव्हता.

ए-क्लास ही एकट्याने चालवायची कॅटमरान, म्हणजे दोन हलांची शिडाची होडी, आहे. लांबी ५.४९ मीटरपर्यंत, रुंदी २.३० मीटरपर्यंत, डोलकाठीसकट शिडाचे क्षेत्रफळ १३.९४ चौरस मीटरपर्यंत आणि वजन किमान ७५ किलो, एवढ्या चौकटीत बसणारी होडी या वर्गात उतरवता येते. रॉडनी मार्च यांनी १९६७ मध्ये रेखाटलेली आणि १९७६ ते २००८ या काळात ऑलिंपिकमध्ये धावलेली टोर्नाडो घ्या, किंवा सध्याची ऑलिंपिक होडी नाक्रा १७ घ्या. तिथे प्रत्येक होडी दुसरीसारखीच असावी लागते आणि कौशल्य चालवणाऱ्याचे मोजले जाते. इथे मात्र हलचा आकार, कार्बनचे थर, फॉइलची (होडीला वर उचलणाऱ्या पाण्याखालच्या पात्यांची) वळणे हे सारे रचनाकारावर सोपवलेले असते, आणि म्हणून खरेदी करणाऱ्यालाही रचनेतले थोडेफार कळावे लागते. माझी होडी एका लहान कार्यशाळेने मागणीप्रमाणे बांधली. कार्यशाळेचे नाव मी येथे देत नाही, कारण हाताने बांधलेली प्रत्येक होडी वेगळी निघते आणि माझ्या होडीतला गुण किंवा दोष पुढच्या होडीत असेलच असे नाही. बांधणीत काय पाहावे हे मात्र सगळीकडे सारखेच आहे.

हलपासून सुरुवात करतो. १८ फूट लांबीची साधी, रुंद पोटाची होडी स्वतःच उठवलेल्या लाटेत अडकते आणि पाण्यावर न घसरता तिला पावणेसहा नॉटच्या (ताशी सागरी मैलांच्या) आसपासच थांबावे लागते. कॅटमरानचे हल लांबीच्या मानाने इतके अरुंद असतात की ती लाट जवळजवळ उठतच नाही, आणि मग मुख्य विरोध उरतो तो पाण्याला घासणाऱ्या पृष्ठभागाचा. हे गणित नवे नाही. नौकारचनाकार नॅथॅनियल हेरेशॉफ यांच्या ‘अमॅरिलिस’ या कॅटमरानने १८७६ मध्ये न्यूयॉर्कच्या शर्यतीत एकहली होड्यांना मागे टाकले, आणि त्यानंतर तिला त्या शर्यतींतूनच बाद करण्यात आले. त्याच्याही कितीतरी आधी ओंडके एकमेकांना बांधून समुद्रात जाणाऱ्या तमिळ कोळ्यांनी ‘कट्टुमरम’ हा शब्द दिला होता, जो आज या सगळ्या होड्यांना चिकटला आहे. माझ्या होडीचा हल वरून मागे झुकलेल्या नाळेचा आहे. अशी नाळ लाटेवर चढण्याऐवजी लाट कापून जाते, त्यामुळे प्रत्येक लाटेला होडी डोलत नाही आणि शिडातला वारा विस्कटत नाही. त्याची किंमत अशी की नाळ पाण्याखाली गेली तर तिला वर ढकलणारे आकारमान कमी असते. रचनाकाराने ही उणीव ओळखून नाळेच्या खालच्या भागात, पाण्याच्या रेषेलगत, भरीवपणा वाढवला आहे. पूर्ण मोसमात नाळ पाण्याखाली अनेकदा गेली, पण होडी नाकावर उलटली ती एकदाच, आणि त्या वेळी चूक माझी होती.

हलची भिंत सँडविच पद्धतीची आहे: बाहेर आणि आत कार्बनचे पातळ थर, मध्ये नोमेक्स या कागदासारख्या साहित्याचे मधाच्या पोळ्यासारखे षटकोनी घरांचे हलके भरण. अशा भिंतीत वाक सोसण्याचे काम दोन पातळ थर करतात आणि त्यांच्यातले अंतर त्यांना बळ देते; भरणाची जाडी दुप्पट केली की वजन किंचितच वाढते, पण वाकण्याला होणारा विरोध जवळजवळ चौपट होतो. कापड प्रीप्रेग प्रकारचे आहे, म्हणजे धाग्यात रेझिन (धागे चिकटवणारी राळ) आधीच मोजून भरलेले असते आणि साच्यावर अंथरल्यानंतर निर्वात पिशवीखाली दाबून भट्टीत शिजवले जाते. ब्रशने रेझिन लावलेल्या होडीत कारागिराचा हात जड पडला की दोन-तीन किलो वजन निव्वळ रेझिनचे वाढते आणि त्याने ताठपणात काहीच भर पडत नाही. निर्वात पिशवीचा दाब फार तर एक वातावरण, म्हणजे दर चौरस मीटरला सुमारे १० टन. साच्याच्या कोपऱ्यांत कापड नीट बसवले नसेल तर एवढा दाबही तिथली पोकळी भरून काढत नाही. मी नाण्याने टकटक करून दोन्ही हल टोकापासून टोकापर्यंत ऐकले. चांगल्या चिकटलेल्या भिंतीचा आवाज कोरडा आणि स्वच्छ येतो, सुटलेल्या जागी तो बसका येतो. बसका आवाज कुठेही आला नाही. फॉइलच्या खाचेभोवती, जिथे आतल्या आत पाच-सहा तुकड्यांचे सांधे येतात, तिथेही नाही. हे काम उत्तम आहे असे मी निःशंकपणे लिहितो.

पूर्ण होडीचे वजन किमान मर्यादेपेक्षा सव्वा किलोने कमी भरले आणि तेवढे शिसे पुढच्या बीममध्ये बसवावे लागले. काही जणांना हे वाया गेलेले श्रम वाटतील. मला हा सव्वा किलो फार मोलाचा वाटतो, कारण पुढे कधी दुरुस्तीचे थर चढवावे लागले तर शिसे काढून होडी पुन्हा नेमक्या वजनावर आणता येईल.

आता बीम. दोन हलांना जोडणाऱ्या या दोन आडव्या नळ्यांवर कॅटमरानचे सारे चारित्र्य अवलंबून असते, आणि जाहिरातींत त्यांचा उल्लेख सर्वांत शेवटी येतो. डोलकाठीला धरणारी वाऱ्याकडच्या बाजूची तार त्या बाजूच्या हलला वर ओढते, शिडाचा जोर दुसऱ्या हलची नाळ खाली दाबतो, आणि दोन हल एकमेकांच्या विरुद्ध दिशेने कलू पाहतात. होडी पिळली की पुढची तार सैल पडते, डोलकाठी डोलू लागते आणि झोताबरोबर आलेली शक्ती वेगात न उतरता होडी वाकवण्यात खर्च होते. फॉइलवर उडणाऱ्या होडीत याहून मोठे नुकसान होते, कारण पाण्यातल्या हलची नाळ एक अंश खाली गेली की त्या हलमध्ये रोवलेले फॉइलही एक अंश खाली तोंड करते. फॉइल जेव्हा अधिक उचलायला हवे नेमके तेव्हाच ते कमी उचलते. पिळाला विरोध करण्यासाठी बंद नळी लागते, तिने वेढलेले क्षेत्र मोठे लागते आणि धागे तिच्या अक्षाशी ४५ अंशांत दोन्ही बाजूंनी गुंडाळलेले लागतात. लांबीच्या दिशेने घातलेले धागे वाक सोसतात, पिळाला ते फारसे उपयोगी पडत नाहीत. माझ्या होडीचे बीम जाड, लंबवर्तुळाकार आणि हलला कायमचे चिकटवलेले आहेत. बोल्टाच्या भोकाभोवती वर्षभरात जी ढिलाई येते ती यात येण्याचा प्रश्नच नाही. रुंदी २.३० मीटरच असल्यामुळे हे जमते, सुमारे ३ मीटर रुंदीची टोर्नाडो रस्त्याने न्यायची तर ती मोकळी करावी लागते किंवा गाडीवर तिरपी बसवावी लागते. चिकटवलेल्या बीमची अडचण दुरुस्तीत आहे, कारण सांध्याला मार बसला तर होडी पुन्हा मूळ साच्याच्या आधारावर न्यावी लागेल. मी हा सौदा डोळे उघडे ठेवून स्वीकारला.

ताठ होडी पाण्यावर कशी वाटते हे सांगणे कठीण आहे, तरी प्रयत्न करतो. ट्रॅपिझच्या, म्हणजे डोलकाठीवरून येणाऱ्या, तारेला लटकून मी बाहेर उभा असतो तेव्हा माझे ८० किलो वजन पाण्यातल्या हलपासून सुमारे ३ मीटर अंतरावर असते आणि होडीचे ७५ किलो सुमारे १ मीटरवर. म्हणजे होडीला उलटण्यापासून रोखणाऱ्या बळापैकी तीन चतुर्थांश माझ्या शरीराचे असते. मऊ होडीत मी पाय सरकवला तर तिला ते कळायला क्षणभर लागतो. या होडीत तो क्षण उरलेला नाही. टाच दाबली की हल उचलतो, गुडघा वाकवला की खाली येतो. पहिले आठ-दहा दिवस मला ती अस्वस्थ वाटत होती. नंतर माझ्या लक्षात आले की आधीची होडी माझ्या चुका गिळत होती.

इथपर्यंत स्तुतीच आली. दोष फॉइलमध्ये होता आणि तो समजून घेण्यासाठी थोडी पार्श्वभूमी आवश्यक आहे. २०१२ मध्ये अमेरिकाज कप या नौकाशर्यतीसाठी बांधलेल्या न्यूझीलंड संघाच्या एसी७२ या २२ मीटर लांबीच्या कॅटमरानने पाण्यापासून पूर्ण वर उठून दाखवले, आणि त्यानंतर शर्यतीच्या कॅटमरानची रचनाच बदलली. पाणी हवेच्या सुमारे ८०० पट घन असल्यामुळे हाताच्या लांबीचे पातेही अख्खी होडी उचलू शकते; प्रश्न असतो तो उचललेली होडी एका उंचीवर धरून ठेवण्याचा. त्या संघाने निवडलेली युक्ती आजही लहान होड्यांत वापरली जाते. फॉइलचा उभा भाग होडीला बाजूला घसरण्यापासून रोखतो आणि आत वळलेले, किंचित वर तोंड केलेले टोक उचलण्याचे काम करते. होडी जास्त वर उठली की उभा भाग पाण्याबाहेर येतो, होडी बाजूला अधिक घसरते, त्या घसरण्यामुळे टोकावर येणाऱ्या पाण्याचा कोन घटतो आणि उचल आपोआप कमी होते. ए-क्लासमध्ये पूर्वी फॉइल वरून खाचेत घालता आले पाहिजे अशी अट होती. ती सैल झाल्यावर खालून घालायची, दोनदा वळलेली, झेड आकाराची फॉइल आली आणि होडी स्थिर उडू लागली. ज्यांना उडायचे नाही त्यांच्यासाठी क्लासिक हा स्वतंत्र विभाग आहे, आणि तिथल्या शर्यती तितक्याच चुरशीच्या होतात.

माझी होडी वारा उजवीकडून असताना सहज उडे. वारा डावीकडून घेतला की ती उचलायला उशीर करी, उचललीच तर नाळ खाली घालून परत आपटे. मी शिडाचा ताण बदलला, सुकाणूच्या आडव्या पात्याचा कोन बदलला, स्वतः मागेपुढे उभा राहून पाहिले. कार्यशाळेला लिहिले तेव्हा उत्तर आले की प्रत्येक खलाशाची एक बाजू कमकुवत असते आणि सरावाने ती सुधारेल. हे वाक्य खोटे नाही, पण तपासणी न करता दिलेले होते, आणि त्याचे मला वाईट वाटले. दोन महिन्यांनी मी होडी समतल टेकूंवर ठेवली, दोन्ही फॉइल पूर्ण खाली केली आणि अंकीय पातळीमापकाने त्यांचे कोन मोजले. उजव्या हलमधले फॉइल डाव्यापेक्षा ०.६ अंशाने खाली तोंड करून बसले होते.

०.६ अंश ऐकायला क्षुल्लक वाटतो. पण असे फॉइल एकूण तीन-चार अंशांच्या कोनावरच काम करते, म्हणजे उचलीचा जवळजवळ सहावा हिस्सा या फरकात गेला. उचल वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढत असल्याने ती तूट भरून काढायला सुमारे १० टक्के अधिक वेग लागतो, आणि हलक्या वाऱ्यात तेवढा अधिकचा वेग उडण्याआधी मिळतच नाही. याचा अर्थ असा की ज्या कार्यशाळेने पिळाने कोन बदलू नये म्हणून बीमवर एवढी मेहनत घेतली, तिनेच मूळ कोन बसवताना एका खाचेत चूक केली आणि ती मोजली नाही. भट्टी, कापड, साचे हे सगळे महाग आणि अवघड. पातळीमापक प्रत्येक सुताराच्या पेटीत असतो.

मोजणीची छायाचित्रे पाठवल्यावर मात्र त्यांचे वागणे पूर्ण बदलले, हेही तितक्याच स्पष्टपणे लिहिले पाहिजे. त्यांनी दुसऱ्याच दिवशी चूक मान्य केली, खाचेच्या वरच्या तोंडाशी असलेला आधाराचा ठोकळा काढून नव्या कोनात बसवण्याची पद्धत समजावली आणि स्वतःचा कारागीर पाठवला. त्याने फॉइल आधी दोऱ्यांनी योग्य कोनात ताणून धरले, दोन्ही बाजूंचे वाचन सारखे आल्यावरच भोवती घट्ट इपॉक्सी भरले, ते वाळेपर्यंत तासातासाने पुन्हा मोजले. काम संपले तेव्हा दोन्ही बाजूंतला फरक ०.१ अंशाच्या आत होता. पुढच्या वाऱ्याच्या दिवशी होडी दोन्ही बाजूंनी सारखीच उचलली. मी नकळत ओरडलो.

डोलकाठी आणि शीड यांबद्दल तक्रारीला जागा नाही. कार्बनची पंखाकृती, स्वतःभोवती फिरणारी डोलकाठी सुमारे ९ मीटर उंच आहे. डाउनहॉल (शीड खाली ताणणारी दोरी) ओढला की ती मधून पुढे वाकते, शीड सपाट होते आणि वरचा भाग मोकळा होऊन झोत सोडून देतो. शिडाची खालची कड ट्रॅम्पोलिनला (दोन हलांमध्ये ताणलेल्या जाळीला) टेकते, त्यामुळे तिच्याखालून हवा निसटत नाही. डोलकाठी आतून पूर्ण बंद आहे की नाही हे मी आडवी धरून, टोकाशी पाणी ओतून तपासले, कारण उलटलेल्या होडीची डोलकाठी पाण्याने भरली तर एकट्या माणसाला ती उभी करता येत नाही.

सुकाणूविषयी नाराजी अजून शिल्लक आहे. कार्बन आणि ॲल्युमिनियम खाऱ्या पाण्यात एकमेकांना लागले की ॲल्युमिनियम झिजते, म्हणून दोघांमध्ये काचधाग्याचा थर किंवा दुसरे काही आवरण असावे लागते. हलवर आणि डोलकाठीवर प्रत्येक धातूच्या तुकड्याखाली असा थर काळजीपूर्वक घातला आहे. सुकाणूच्या ॲल्युमिनियमच्या घरात मात्र तो नाही, आणि आडव्या पात्याचा कोन बदलणारा पोलादी आटाही तिथे कोरडाच बसवला आहे. तीन महिन्यांत पांढरी भुकटी दिसू लागली, आटा फिरेनासा झाला आणि खिळीत ढिलाई आली. वेगात असताना सुकाणू गुणगुणते. हाताला तो कंप सतत जाणवतो. उडणाऱ्या होडीत मागची पातीच नाळेचा चढउतार सांभाळतात, तेव्हा ही ढिलाई सौंदर्याचा प्रश्न राहत नाही.

सुरक्षेचा विचार कार्यशाळेने मनापासून केलेला दिसतो. फॉइलच्या धारदार मागच्या कडांना जमिनीवर घालायची जाड आवरणे दिली आहेत, उलटलेली होडी सरळ करायची दोरी कायम बांधलेली आहे, आणि होडी देताना त्यांनी हेल्मेटचा विषय स्वतःहून काढला. मे २०१३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरात सराव करताना आर्टेमिस संघाची एसी७२ उलटून मोडली आणि ऑलिंपिक सुवर्णपदक विजेते अँड्र्यू सिम्पसन यांचा मृत्यू झाला. तो अपघात नाळ वाऱ्यापासून वळवताना झाला, आणि आमच्या लहान होड्यांतही तीच वेळ सर्वांत धोक्याची असते: वारा बाजूने येऊ लागताच शक्ती वाढते, पण वेग अजून वाढलेला नसतो, आणि नाळ खाली जाते. मी एकदा उलटलो तो याच वळणावर, शीड वेळेवर न सोडल्यामुळे.

ज्यांना कॅटमरानची सवय नाही त्यांनी या होडीने सुरुवात करू नये. दोघांनी चालवायच्या, मजबूत, चुका सोसणाऱ्या होडीवर दोन मोसम काढून मग इकडे यावे. ज्यांच्याजवळ ती सवय आहे आणि ज्यांना होडी पाण्यात उतरवण्याआधी एक दिवस मोजमापात घालवायला आवडतो, त्यांना मी ही बांधणी घ्यायला सांगेन, मात्र ताबा घेण्यापूर्वी फॉइल आणि सुकाणू यांचे कोन दोन्ही बाजूंनी समोर मोजून मागावेत.

सुकाणूची दोन्ही घरे पुढच्या मोसमाआधी बदलून देण्याचे त्यांनी लेखी मान्य केले आहे. ती येईपर्यंत मी प्रत्येक फेरीनंतर गोड्या पाण्याने खीळ धुतो आणि आट्याला ग्रीस लावतो. प्रत्येक होडीबरोबर ते वजनाची आणि थरांची पत्रिका देतात. तिच्यात आता फॉइलच्या कोनांसाठी दोन नवे रकाने आले आहेत. माझ्या पत्रिकेत ते नव्हते, म्हणून कारागिरासमोरच मी ते समासात आखले आणि त्याने आपल्या हाताने आकडे भरून खाली सही केली.